भुजंगरावांच्या उंच लेकीची गाडी

माझी उंची चार फूट अकरा इंच. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढचं ऐकल्यावर लोक हमखास विचारतात, "पण बाई, तुम्हाला काय कळतं त्यातलं?" मला त्यातलं सगळं कळतं. हैदराबादेतल्या एका शोरूममध्ये मी वीस-बावीस वर्षं गाड्या विकल्या आणि त्यातही माझी खासियत म्हणजे उंच माणसं. एखादं सहा फुटी गिऱ्हाईक दारातून वाकून आत आलं की आमचे मॅनेजर, खानसाब, काचेच्या केबिनमधूनच हाक मारायचे, "वाघमारे बाई, तुम्हारेवाले आ गए." बाकीची पोरं खो-खो हसायची. हसू देत. त्यांना जे खपवता यायचं नाही ते मी खपवायचे.

मी नोकरीला लागले तेव्हा देश नुकता नुकता खुला झाला होता. त्याआधी गाडी घ्यायची म्हणजे नंबर लावायचा, वर्षानुवर्षं थांबायचं आणि आली की गल्लीभर पेढे वाटायचे. ती आपल्या अंगाला बसते का, हे विचारायची कुणाची टाप नव्हती. मग एकाएकी नवनव्या कंपन्या आल्या, दर दोन महिन्यांनी नवं मॉडेल यायला लागलं, आणि तेच गिऱ्हाईक बघता बघता साडीच्या दुकानातल्या बाईसारखं चिकित्सक झालं. दिलसुखनगरला क्लास घेणारे एक गणिताचे सर आमच्याकडे सुतळी घेऊन आले होते. स्वतःच्या मांडीचं माप सुतळीवर गाठी मारून आणलेलं. प्रत्येक गाडीत सुतळी लावायची, वहीत लिहायचं. असं तीन शनिवार चाललं आणि शेवटी त्यांनी स्कूटर घेतली. दुसरा एक नवरदेव, वरातीसाठी गाडी बघायला आलेला. डोक्यावर फेटा बांधूनच आला, म्हणाला, माप खरं पाहिजे. फेटा छताला लागून नाकावर उतरला, तसाच चाचपडत तो पलीकडच्या गाडीत जाऊन बसला आणि तिथल्या गिऱ्हाइकाच्या बायकोला म्हणाला, ही जरा बरी वाटते. त्या बाईला काय वाटलं असेल ते तिचं तिला ठाऊक.

आता थोडं धंद्याचं सांगते, फुकट सांगते. उंच माणसाला वाटतं, गाडी बाहेरून उंच दिसली की आपण तीत मावणार. साफ खोटं. गाडी उंच असते तशी तिची सीटही उंचावर असते, त्यामुळे डोकं होतं तिथंच, छताला. खरी गोष्ट अशी की उंच माणसं दोन जातीची. काही पायांची उंच, काही धडाची उंच. पायांचा उंच असेल त्याने सीट मागे किती सरकते ते बघावं. धडाचा उंच असेल त्याने छत बघावं. आणि दोघांनीही गाडी सिग्नलखाली उभी करून बघावी, कारण काचेची वरची कड खाली आली की लाल दिवा दिसतच नाही, आणि माणूस हनुवटी स्टिअरिंगवर टेकून आभाळात बघत बसतो. मागचे लोक हॉर्न मारून सांगतात तेव्हा कळतं, हिरवा झाला म्हणून.

माझं हत्यार म्हणजे लिंबू. शोरूममध्ये रोज कुणाची तरी गाडी निघायची, तिची पूजा व्हायची, आणि चार चाकांखाली चार लिंबं ठेवायची. त्यामुळे लिंबांची टोपली कायम भरलेली. मी गिऱ्हाइकाला नीट बसवायचे, एक पाय क्लचवर पूर्ण दाबायला आणि दुसरा ब्रेकवर ठेवायला लावायचे, आणि गुडघा नि स्टिअरिंग यांच्या मधून लिंबू सोडायचे. लिंबू सुटून खाली पडलं तर माणूस मावला. अडकलं तर उठा, दुसरी गाडी. मग तेच लिंबू डोकं आणि छत यांच्या मधून फिरवायचं. खानसाबना हे अजिबात पसंत नव्हतं. म्हणायचे, "लिंबू नक्को घुमाओ बाई, कस्टमर समझते जादूटोना कर रए." पण महिन्याच्या शेवटी माझ्या नावापुढच्या गाड्या मोजल्या की गप्प बसायचे.

तर एके दिवशी भुजंगराव देशमुख आले. बेगम बाजारात त्यांचं हळद-धण्याचं ठोक दुकान. माणूस आत यायच्या आधी हळदीचा वास आत आला. घराणं मूळचं नांदेडकडचं, शेतीवाडीचं, दोन पिढ्यांपासून हैदराबादेत. उंची सहा फूट चार इंच. मागून त्यांची बायको शकुंतलाबाई, माझ्याहून जेमतेम बोटभर उंच. आम्ही दोघी एकमेकींकडे बघून ओळख असल्यासारख्या हसलो. आणि त्यांच्या मागून लेक, उज्ज्वला. सहा फूट एक इंच. दारातून येताना बापलेकींनी एकाच वेळी, एकसारखी मान वाकवली.

उज्ज्वला गुरांची डॉक्टर झाली होती. शहराबाहेर, चेवेळ्याच्याही पुढे एका गावातल्या सरकारी जनावरांच्या दवाखान्यात तिला नेमणूक मिळाली होती, आणि पंधरा दिवसांनी, सोमवारी, हजर व्हायचं होतं. बस दिवसातून दोन, त्याही मर्जीच्या. शिवाय गाभण म्हैस अडली की आडरानातल्या वाडीवर जावं लागणार, म्हणजे गाडीचं पोट जमिनीपासून उंच पाहिजे. मोठी जीप घ्यावी तर नल्लकुंट्यातल्या त्यांच्या गल्लीत ती वळेना नि फाटकातून शिरेना. म्हणजे हवी होती छोटी जीप, आज ज्याला लोक तोंड भरून कॉम्पॅक्ट एसयूव्ही म्हणतात ती. आणि भुजंगरावांनी घरात एक अट घातली होती, ती शकुंतलाबाईंनी मला हळूच सांगितली. लेकीला नीट बसता येईल अशी गाडी मिळाली तर तिनं नोकरीला जायचं. नाही मिळाली तर जायचं नाही, घरीच राहायचं, दुकानाचं बघायचं.

अट घालताना भुजंगराव निर्धास्त होते, कारण आयुष्यात त्यांना स्वतःला बसेल अशी एकही गाडी मिळाली नव्हती. ते दुकानाला रिक्षात जायचे, पाय बाहेर काढून.

पहिल्याच दिवशी त्यांनी नियम करून टाकला, की आधी मी बसणार. मला बसली तर तिला बसेल. मी म्हटलं, अहो, चालवणार त्या आहेत. तर म्हणाले, बाप आहे मी. झालं. शिरले पहिल्या गाडीत. शिरले खरे, पण गुडघे स्टिअरिंगखाली गेले ते तिथंच राहिले. बाहेर यायची धडपड केली तर गुडघा हॉर्नवर. तो जो हॉर्न सुरू झाला, तो थांबेना. शोरूममधली सगळी माणसं जमली. रस्त्यावरून जाणाऱ्या एका रिक्षावाल्याला वाटलं आपल्यालाच हॉर्न मारतायत, तोही रागारागाने आत आला. शेवटी आमच्या दोघा मेकॅनिकांनी दोन्हीकडून सीटचे बोल्ट सोडले आणि भुजंगरावांना सीटसकट बाहेर काढलं. ते तसेच सीटवर बसल्या बसल्या म्हणाले, "बाई, ही गाडी काही बसायली नाही." रिक्षावाल्याने त्यांना पाणी आणून दिलं.

त्यानंतर सहा दिवस हेच. ते रोज यायचे, बसायचे, नापास करायचे. ह्या गाडीत डोस्कं लागायलंय. ह्या गाडीत पायच मावत नाहीत. हिचा आरसा नाकासमोर येतो. नाचता येईना अंगण वाकडं म्हणतात, पण इथं नाचणारी बाजूला उभी आणि अंगणाला नावं ठेवणारा भलताच. उज्ज्वला मात्र आपण जरा कमी उंच दिसावं म्हणून एक पाय वाकडा करून खांबाला टेकून उभी राहायची. शाळेपासूनची सवय असणार. मला ते बघवायचं नाही. मी आयुष्यभर टाचा उंच करून उभी राहिले, आणि ही पोरगी गुडघा वाकवून. दोघींनाही त्यातून काही मिळालं नाही.

सातव्या दिवशी माझी ट्यूब पेटली. भुजंगराव बसले की त्यांचं डोकं छताला जायचं. म्हणजे माणूस धडाचा उंच. उज्ज्वला शेजारच्या खुर्चीत बसली की जेमतेम त्यांच्या कानाशी यायची. म्हणजे पोरगी निव्वळ पायांची उंच. बापाचं माप घेऊन लेकीला गाडी बघणं म्हणजे एकाच्या मापाचा सदरा दुसऱ्याला शिवणं झालं. मी खानसाबना डोळ्यांनी खुणावलं. त्यांनी भुजंगरावांना इराण्याकडे चहाला नेलं, आणि तिथं त्यांना इतकं बोलण्यात गुंतवलं की दोघांनी सहा सहा चहा ढोसले. तेवढ्या वेळात मी उज्ज्वलाला तीन गाड्यांत बसवलं. तिसरी विटकरी रंगाची नवी छोटी जीप होती. सीट पार मागे सरकवली. पाय क्लचवर दाबायला लावला. लिंबू सोडलं. टपकन खाली पडलं. मग डोक्यावरून फिरवलं. आरामात पलीकडे निघालं. तेव्हा ती पोरगी पहिल्यांदा हसली, म्हणाली, काकू, परत एकदा टाका ना. मी चार वेळा टाकलं.

चहा पिऊन आलेल्या भुजंगरावांना आम्ही लेक बसलेली दाखवली. ते गाडीभोवती दोन फेऱ्या मारून आले. मग मला विचारलं, डोक्याच्या वर नेमकं अंतर किती उरलंय. मी म्हटलं, तीन बोटं. त्यांनी आपली तीन बोटं आत घालून खात्री केली. मला कौतुक वाटलं, किती काळजी हो बापाला. मग चाचणीला निघालो. उज्ज्वला चालवायला, मी शेजारी, भुजंगराव मागे मान तिरकी करून, उंटावरून शेळ्या हाकत. सिग्नल दिसतो का? दिसतो. खड्ड्यात पोट घासतं का? नाही. फाटकातून जाते का? नल्लकुंट्याला नेऊन फाटकातून आत घातली, दोन्ही बाजूंनी वीतभर जागा राहिली. सबबी संपल्या. भुजंगरावांनी मोठा सुस्कारा सोडला आणि म्हणाले, घेऊन टाकू.

गुरुवारी पूजा झाली, नारळ फुटला. आमच्या ड्रायव्हरने गाडी घरी पोचवली. निघताना मी म्हटलं, सीट कव्हरं आमच्याकडूनच बसवून घ्या. भुजंगराव म्हणाले, त्याचं मी बघतो. इथं माझी चूक झाली. कव्हरांबद्दल दोन शब्द सांगायचे असतात ते मी सांगितले नाहीत. विकलेल्या गाडीची पाठ दिसली की आपण सुटलो, असं वाटायचं मला त्या काळात.

शनिवारी सकाळी शोरूममध्ये फोन. भुजंगराव. गाडी परत घ्या म्हणाले, पोरगी मावत नाही. मी म्हटलं, असं कसं होईल, दोन दिवसांत पोरगी वाढली का गाडी आटली? ते म्हणाले, स्वतः येऊन बघा.

रिक्षा करून गेले नल्लकुंट्याला. फाटकात विटकरी जीप उभी, आत उज्ज्वला. आणि खरंच, तिचं डोकं छताला टेकलेलं, मान एका खांद्यावर कललेली, गुडघे स्टिअरिंगला भिडलेले. गल्लीतून एक चक्कर मारायचा प्रयत्न केला होता म्हणे, कोपऱ्यावरच परत फिरली. मला बघून म्हणाली, काकू, तुमची चूक नाही, माझ्या मापाची गाडीच कुणी बनवलेली नाही. हे ती अगदी सहज म्हणाली. शकुंतलाबाई पायरीवर बसून डोळे पुसत होत्या. परवा सोमवार होता. मी उज्ज्वलाला खाली उतरायला सांगितलं आणि सीटवर हात ठेवला. हात आत गेला, बराच आत गेला.

वर एक टर्किशचा टॉवेल, दुहेरी. तो काढला. त्याखाली शकुंतलाबाईंच्या हातची गोधडी, चौघडी केलेली. आईच्या गोधडीवर कोण संशय घेणार? ती काढली. त्याखाली मखमलीचं जांभळं कव्हर, झालरीचं. मखमलीखाली कोठीच्या बाजारातलं जाड फोमचं कव्हर. आणि सगळ्यांच्या तळाशी कंपनीचं प्लास्टिक, जसंच्या तसं. आमच्या हैदराबादेत नव्या वस्तूचं प्लास्टिक काढणं म्हणजे पाप. टीव्हीच्या रिमोटपासून सोफ्यापर्यंत सगळं प्लास्टिकमध्ये सुखरूप असतं, हे मला माहीत होतं. पण नाकापेक्षा मोती जड किती, याला काही सुमार? शेजारपाजारची माणसं गोळा झाली. एकेक थर निघाला की एक म्हातारे गृहस्थ मोठ्याने आकडा सांगत होते.

मी सगळे थर एकावर एक रचले आणि वर तळहाताने दाबून बोटं लावली. भरली चार बोटं.

"भुजंगराव," मी म्हटलं, "तुम्ही माझ्याकडून तीन बोटं विचारून घेतली होती."

ते जांभळ्या झालरीकडे बघत राहिले. एवढा धिप्पाड माणूस, पण चोरी पकडलेल्या पोरासारखे कान लाल झालेले. मला राग आला होता, खोटं कशाला बोलू. पहिल्या दिवशी ह्या माणसाला सीटसकट बाहेर काढलं, पुढे सहा दिवस नखरे सोसले आम्ही, आणि ह्याचं आपलं हे. मी अजून चार शब्द सुनावणार होते, तेवढ्यात ते बोलायला लागले, आणि तेही माझ्याशी नाही, शकुंतलाबाईंशी.

"घरात सगळ्यांशी बोलायचं तर मला मान खाली घालून बोलावं लागतंय. तुझ्याशी, भावांशी, दुकानातल्या माणसांशी, देवाशीसुद्धा वाकूनच बोलतो मी. एकट्या उजीशी मला सरळ उभं राहून बोलता येतं. ती गेल्यावर मी कुणाशी बोलायचं?"

माझा राग कुठल्या कुठे गेला. शकुंतलाबाईंनी पदर तोंडाला लावला. मला वाटलं आता त्या रडणार, पण त्या हसत होत्या. तीस वर्षं संसार केला, म्हणाल्या, आणि मान दुखते हे आज सांगायलेत.

उज्ज्वला पुढे आली. गुडघा वाकडा न करता, सरळ.

"नाना, मी कुठं चाललेय? गाडी नसली तर मला तिकडं खोली घेऊन राहावं लागेल. गाडी आहे म्हणून तर रोज संध्याकाळी घरी येणार आहे."

भुजंगरावांच्या डोक्यात हा हिशोब आलेलाच नव्हता. गाडी म्हणजे जाणं, एवढंच त्यांनी धरलं होतं. येण्यालाही तीच गाडी लागते, हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं, आणि मलाही सुचलं नव्हतं, गाड्या विकून पोट भरणारीला. ते खाली वाकले आणि तळाचं ते प्लास्टिक दोन्ही हातांनी टराटरा फाडून काढलं. काही केल्या एक तुकडा सीटच्या शिवणीतून निघेना, तर दातांनी तोडला. गल्लीतल्या बायका हाय हाय करायला लागल्या, एवढं नवंकोरं प्लास्टिक म्हणून. उज्ज्वला आत बसली. डोकं मोकळं, गुडघे मोकळे. भुजंगरावांनी तिच्या डोक्यावर आपली तीन बोटं धरून पाहिली आणि मला विचारलं, बाई, ही सीट अजून एखादी खाच मागं सरकते का? पोरीचा पाय लांबचा रस्ता कापणार आहे.

गोधडी मी मागच्या सीटवर टाकून दिली. म्हटलं, एखाद्या दिवशी वासरू आणावं लागलं तर उपयोगी पडेल.

पुढच्या आठवड्यात, मंगळवार असेल, मी घरी जायला पर्स उचलली होती, तेवढ्यात भुजंगरावांचा फोन. आवाज चढलेला. गाडीत काहीतरी खोट आहे म्हणाले. मी खुर्चीत बसलेच. काय झालं विचारलं, तर म्हणे काल पोरगी सहाला घरी होती, आज सहा वाजून वीस मिनिटं झाली, अजून पत्ता नाही. छोटी जीप अशीच चालते का, का आम्हालाच हळू चालणारी दिली. मी म्हटलं, अहो, वाटेत एखादी म्हैस अडली असेल. ते म्हणाले, म्हशीचं मला सांगू नका, गाडीचं सांगा.

तेवढ्यात तिकडे फाटकाशी हॉर्न वाजला. भुजंगरावांनी रिसीव्हर टेबलावर तसाच टाकला आणि निघून गेले. मी ठेवून द्यायला पाहिजे होता फोन, पण नाही ठेवला. दार उघडल्याचा आवाज आला. मग दोघंही एकदमच बोलायला लागली. ती कुठल्याशा वाडीवरच्या म्हशीचं सांगत होती, जुळं झालं म्हणत होती, ते जेवणाचं विचारत होते, मध्येच दोघं हसली. मला दिसत काहीच नव्हतं, पण दोन्ही आवाज एकाच उंचीवरून येत होते.